द्यायला गेले, घ्यायला शिकले

आजचे वाचन: रोमकरांस पत्र १:८-१५
सोबत वाचा: प्रेषितांची कृत्ये २८:११-१५; १ शमुवेल ३०:२१-२५



गेला महिनाभर रोजचे मनन लिहिले नाही. बऱ्याच जणांनी फोन करून विचारले, "ताई, तब्येत बरी आहे ना?" बरी आहे. मी केनियात होते. मोंबासाजवळच्या एका मंडळीच्या शाळेत आमच्या सात जणांच्या टीमने तीन आठवडे सेवा केली. परत आल्यावर सगळे म्हणाले, आता साक्ष लिहा. लिहायला बसले की हात अडखळायचा. जी साक्ष मी मनात आधीच तयार करून नेली होती ती घडलीच नाही, आणि जी घडली ती सांगायला थोडी लाज वाटते. तरी सांगते, कारण त्या तीन आठवड्यांत प्रभूने मला जे शिकवले ते तुमच्यापैकी कुणाला तरी आज हवे असेल.

आधी पवित्र शास्त्र उघडा. रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय, आठ ते पंधरा ही वचने सावकाश वाचा. मग पुढे या.

पौल आपलेच वाक्य दुरुस्त करतो

हे पत्र लिहिले तेव्हा पौल रोमला कधी गेलेला नव्हता. तिथल्या मंडळीची स्थापना त्याने केलेली नव्हती. कितीदा तरी जायचे ठरवले आणि दर वेळी काहीतरी आडवे आले, हे तो स्वतःच तेराव्या वचनात सांगतो. अकराव्या वचनात तो म्हणतो की तुम्हांला भेटायची मला फार ओढ आहे, म्हणजे तुम्हांला काही आत्मिक दान देता येईल आणि तुम्ही स्थिर व्हाल. इथपर्यंत ठीक आहे. प्रेषित आहे, देणारच.

पण बाराव्या वचनात तो थांबतो आणि जणू म्हणतो, माझे म्हणणे नीट समजून घ्या. मी तिथे आलो की तुमच्या विश्वासाने मला आणि माझ्या विश्वासाने तुम्हांला, असा दोघांनाही एकत्र धीर मिळावा. पौलाने इथे जो ग्रीक शब्द वापरला आहे तो संपूर्ण नव्या करारात याच एका ठिकाणी येतो. "सोबतीने धीर मिळणे" असा त्याचा साधा अर्थ. त्या शब्दाचे मूळ तेच आहे, ज्यातून योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी "कैवारी" हा शब्द आला. जवळ येऊन उभा राहणारा, धीर देणारा.

इतका मोठा प्रेषित, दमिष्काच्या वाटेवर प्रभूला भेटलेला, इतक्या मंडळ्या उभ्या केलेला, आणि रोममधल्या अनोळखी विश्वासणाऱ्यांना लिहितो की मला तुमची गरज आहे. मी हे वचन संडेस्कूलच्या शिक्षकांना दोन वेळा शिकवले आहे. शिकवताना बारावे वचन दोन्ही वेळा घाईत ओलांडले. अकरावे मला आवडायचे.

माझी तयारी

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे की दोन वर्षांपूर्वी आमचे मिस्टर प्रभूत झोपी गेले. नऊ महिने डायलिसिस चालू होते. त्या नऊ महिन्यांत मंडळीने दर शुक्रवारी उपास धरला, घरोघरी प्रार्थना झाल्या. ते गेले. तिसऱ्या रविवारी मी संडेस्कूलच्या वर्गात उभी होते. लोक म्हणाले, "ताईंचा विश्वास बघा." पाळकसाहेबांनी उपदेशात माझे नाव घेतले.

खरे सांगायचे तर त्या दिवसापासून मी स्वतःसाठी प्रार्थना करायची थांबले होते. इतरांसाठी करायचे. आजाऱ्यांसाठी, परीक्षेच्या मुलांसाठी, नोकरी नसलेल्यांसाठी. माझ्यासाठी एक शब्दही नाही. आतून मी देवावर रुसले होते, आणि हे कुणाला कळू नये म्हणून अधिकच सेवा करत होते. कुणी म्हणाले, "ताई, तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" तर मी हसून म्हणायची, "माझं काही नाही हो, त्या अमक्यांसाठी करा."

अशात केनियाची संधी आली. मी लगेच हो म्हटले. मुलगी पुण्याहून म्हणाली, "आई, या वयात कशाला?" मी तिला मत्तय २८ ऐकवले. पासपोर्ट काढला, पीतज्वराची लस घेतली, आणि दोन महिने मुलांसाठी पाठ तयार केले. योसेफाची गोष्ट, बारा दिवस, बारा पाठ. रंगीत चित्रे, इंग्रजीत गाणी, कागदाचा रंगीबेरंगी झगा. माझ्या बॅगेत कपडे कमी आणि हे सामान जास्त होते.

आज मागे वळून पाहते तेव्हा कळते की त्या तयारीत सेवा होती तशी पळवाटही होती. घरातल्या रिकाम्या खुर्चीपासून जितके दूर जाता येईल तितके जायचे होते.

घसा बसला

मुंबईहून नैरोबी, तिथून रेल्वेने मोंबासा. पहिल्या रविवारी उपासनेत मी पाच मिनिटे बोलले आणि त्या रात्री घसा बसला. सोमवारी सकाळी आवाजच नाही. गरम पाणी, मीठ, हळद, आले, सगळे झाले. तिथल्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून सांगितले की स्वरयंत्राला सूज आहे, आठवडाभर कुजबुजायचे सुद्धा नाही.

माझे बारा पाठ टीममधल्या दोन तरुण मुलींनी घेतले. त्यातल्या एकीला योसेफाच्या भावांची नावे धड पाठ नव्हती. मी मागच्या बाकावर बसून चुका मोजत होते. दुसऱ्या दिवशी आमचे टीमप्रमुख काका जवळ येऊन म्हणाले, "ताई, तुम्ही इथे बसून त्रास करून घेताय. स्वयंपाकघरात मदत लागतेय, तिकडे जाल का?"

मला किती अपमान वाटला म्हणून सांगू! एवढ्या लांब काय भाज्या चिरायला आले? पण तोंडातून आवाज निघत नव्हता, म्हणून वाद घालता आला नाही. यात प्रभूची योजना होती असे आता वाटते. आवाज असता तर मी नक्कीच काहीतरी बोलले असते.

मामाचे स्वयंपाकघर

शाळेचे स्वयंपाकघर म्हणजे पत्र्याची शेड, तीन मोठ्या चुली आणि दोनेकशे मुलांचे जेवण. तिथे चार बायका काम करत. त्यातल्या सर्वांत वयस्कर बाईंना सगळे "मामा" म्हणत. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. मला पहिले दोन दिवस हसू यायचे.

मामांनी मला नारळ खोवायला बसवले. तिथली खवणी म्हणजे एक बुटके लाकडी आसन आणि पुढे दातेरी पाते. तिला ते "म्बुझी" म्हणतात, म्हणजे बकरी. मी त्या बकरीवर बसून नारळ खोवला, चपात्या लाटल्या, पालेभाजी चिरली. चपातीला ते चपातीच म्हणतात. दुकानाला "दुका", साबणाला "साबुनी", चहाला "चाय". कितीतरी शब्द आपल्या ओळखीचे निघाले. पण मला बोलता येत नव्हते आणि त्यांना इंग्रजी येत नव्हते, त्यामुळे आमचे सगळे हातवाऱ्यांनी चालायचे. चार दिवस मी कुणालाच काही शिकवले नाही. लाटणे कसे धरायचे हेही नाही; त्यांच्या चपात्या माझ्यापेक्षा चांगल्या होत होत्या.

पाचव्या दिवशी दुपारी भांडी घासून झाल्यावर शाळेतली एक तरुण शिक्षिका तिथे आली. तिला इंग्रजी येत होते. मामांनी तिच्याकडून मला विचारले की नवरा काय करतो. मी बोटाने आकाश दाखवले. मामांनी मान हलवली. त्यांचेही मालक गेलेले होते, आणि एक मुलगाही. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. शिक्षिकेने तो मला इंग्रजीत सांगितला: तुमच्यासाठी प्रार्थना कोण करतं?

मी वहीत लिहिले, माझी मंडळी करते. मामांनी परत विचारले. मंडळी सगळ्यांसाठी करते. तुमच्यासाठी, तुमचा हात धरून, कोण करतं?

वहीत लिहायला माझ्याकडे काही नव्हते.

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांच्या हातांना साबणाचा आणि धुराचा वास होता. त्या बराच वेळ प्रार्थना करत होत्या. त्यातले मला कळलेले शब्द तीनच: येसु, मामा आणि "पोले". पोले हा शब्द तिकडे रोज कानावर येतो. कुणी ठेचकाळले, कुणाचे ओझे जड झाले, कुणाच्या घरी मयत झाले की म्हणायचे, पोले. तुझे दुःख मला दिसले, असा काहीसा त्याचा भाव. दोन वर्षांत मला लोकांनी "धीर धरा" म्हटले, "देवाची इच्छा" म्हटले, "तुमचा विश्वास केवढा" म्हटले. यांनी पोले म्हटले. मी त्या भांड्यांच्या ढिगाशेजारी बसून रडले. अंत्यविधीच्या दिवशी रडले नव्हते.

आमेन म्हटल्यावर मामा उठल्या आणि उरलेली भांडी घासायला लागल्या. मीही लागले.

त्या रात्री मच्छरदाणीत पडल्यापडल्या मी स्वतःसाठी प्रार्थना केली. काय म्हटले ते सगळे इथे लिहिण्यासारखे नाही. बरीचशी तक्रारच होती. पण दोन वर्षांनी मी बापाशी बोलत होते.

नाशिकची माणसे

तिसऱ्या आठवड्यात आवाज परत आला, आणि एका शनिवारी तिथल्या मंडळीचे एक वडील आम्हांला मोंबासा बेटासमोरच्या मुख्य भूमीवर घेऊन गेले. एका रहदारीच्या चौकात जुनी घंटा टांगलेली आहे. त्या भागाचे नावच केंगेलेनी, म्हणजे घंटेपाशी. गुलामांचे व्यापारी चालून येताना दिसले की ही घंटा वाजवून वस्तीला सावध करत, असे तिथे सांगतात. वस्तीचे नाव फ्रियर टाउन. त्या वडिलांनी आमच्याकडे वळून म्हटले, "ही वस्ती वसवायला आलेली माणसं तुमच्याच गावची. नासिकची."

आम्ही सात जण एकमेकांकडे पाहत राहिलो. शाळेत असल्यापासून मी शरणपूर रोडवरून जाते-येते. शरणपूर हे नाव का, हे मी कधी कुणाला विचारले नव्हते.

परत आल्यावर शोधून वाचले ते थोडक्यात सांगते. नाशिकात चर्च मिशनरी सोसायटीचे काम १८३२ साली सुरू झाले. १८५४ साली विल्यम सॉल्टर प्राइस यांनी गावाबाहेर ख्रिस्ती लोकांची वस्ती वसवली, तिचे नाव शरणपूर. शरण आलेल्यांचे गाव. त्या काळात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे, लहान मुले सुद्धा, पकडून गलबतांतून विकायला नेत. इंग्रजी आरमार अशी गलबते अडवी आणि सुटलेल्यांपैकी काहींना मुंबईला उतरवले जाई. त्यातली बरीच मुले शरणपूरच्या आश्रयगृहात आली. तिथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली, आणि पुष्कळांनी प्रभूचा स्वीकार केला.

हे चित्र नुसते गोड आहे असे मला म्हणायचे नाही. त्या लेकरांचे आईबाप तुटले ते कायमचे. त्यांना नावे मिळाली तीही इंग्रजी. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६६ साली आपल्या शेवटच्या मोहिमेवर निघाले तेव्हा नाशिकची नऊ मुले बरोबर घेतली, आणि मग रोजनिशीत त्यांच्याबद्दल कितीतरी तक्रारी लिहून ठेवल्या. पण १ मे १८७३ च्या पहाटे लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियातल्या एका खेड्यात वारले, तेव्हा त्यांचे हृदय झाडाखाली पुरताना प्रेतसंस्काराचे वाचन करणारा जेकब वेनराइट हा नाशिकच्याच शाळेत शिकलेला होता. १८७२ साली लिव्हिंग्स्टनच्या मदतीला नाशिकहून जे सहा जण पाठवले गेले, त्यातला तो एक. मृतदेह किनाऱ्यापर्यंत महिनोन्महिने वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटीला हात लावणाऱ्यांतही तो होता.

त्याआधी १८६४ सालीच जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे नाशिकहून मोंबासाजवळच्या रबईला सेवेसाठी गेले होते. तिथे योहान्स रेबमान नावाचे मिशनरी जवळजवळ एकटे पडले होते. १८७५ साली प्राइससाहेबांनी फ्रियर टाउन वसवले तेव्हा नाशिकहून सुमारे दीडशे जण तिकडे गेले. शिक्षक, सुतार, लोहार, सुवार्तिक तेच झाले. लहानपणी ज्या किनाऱ्यावरून त्यांना बेड्या घालून नेले, त्याच किनाऱ्यावर ते सुटलेल्या नव्या गुलामांना उतरवून घ्यायला उभे राहिले.

योसेफाच्या गोष्टीचे बारा पाठ मी बॅगेत भरून नेले होते. विकला गेलेला मुलगा पुढे पुष्कळांच्या जिवाला आधार होतो, ही गोष्ट मी ज्यांना शिकवणार होते ते लोक त्या गोष्टीत राहून आलेल्यांच्या गावचे होते.

सामानापाशी राहिलेला माणूस

या सगळ्यांत विल्यम जोन्स माझ्या मनात घर करून बसले आहेत. १८८५ साली बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी त्यांना दीक्षा दिली आणि त्याच वर्षी युगांडाच्या प्रवासात बरोबर घेतले. वाटेत एका ठिकाणी बिशपांनी ठरवले की आपण पन्नास माणसे घेऊन पुढे जावे आणि जोन्स यांनी उरलेली माणसे व सामान सांभाळत मागे थांबावे. २९ ऑक्टोबर १८८५ रोजी बिशप आणि त्यांच्यासोबतची बहुतेक माणसे मारली गेली. जोन्स यांच्यापर्यंत बातमी आली. खरी की खोटी कळेना, म्हणून ते आणखी काही आठवडे वाट पाहत तिथेच राहिले. शेवटी सगळी माणसे घेऊन परतले. फेब्रुवारी १८८६ मध्ये तांडा रबईला पोहोचला तेव्हा पुढे एक निळे निशाण होते आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द होता: ईखाबोद. १ शमुवेल ४ मधला तो शब्द. वैभव गेले, असा त्याचा अर्थ.

त्या निशाणाचा मी फार विचार केला. जोन्स यांनी विजयाचे निशाण उभारले नाही. "सगळं ठीक आहे" असा चेहराही केला नाही. दुःख होते ते कापडावर लिहिले आणि ते धरून घरी आले. मला दोन वर्षांत हे जमले नव्हते.

आणि तिथे ते संपले नाहीत. रबईत मालकांकडून पळून आलेले गुलाम मोठ्या संख्येने आसऱ्याला येत होते, आणि जोन्स यांनी त्यांना राहू दिले. सरकारी कायदा मालकांच्या बाजूने होता, मिशनचे वरिष्ठही बिचकत होते. शेवटी १८८९ च्या सुरुवातीला मालकांना भरपाई देऊन सुमारे चौदाशे जणांना सुटकेचे कागद मिळाले. ज्याला लहानपणी आसरा मिळाला होता, त्याला आसरा म्हणजे काय हे कुणी शिकवावे लागले नाही.

आता १ शमुवेल ३० उघडा. दाविदाचे दोनशे लोक इतके थकले की बसोर ओढ्यापलीकडे जाऊ शकले नाहीत. ते सामानापाशी राहिले. लढून परतलेल्यांतले काही म्हणाले की यांना लुटीतला वाटा नको. दाविदाने नियम घातला: लढाईला गेला त्याचा आणि सामानापाशी राहिला त्याचा वाटा सारखा. मी थकून सामानापाशी बसले होते, आणि मला वाटत होते की खरी सेवा पुढे चालली आहे. माझा वाटा त्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला होता.

यातून आपण काय शिकावे?

१. *सेवेला जाणारा रिकाम्या हातांनीही जातो.* पौल अकराव्या वचनावर थांबला असता तर तो नुसता दाता राहिला असता. बाराव्या वचनाने तो भाऊ झाला. आपण खेड्यात, वस्तीत, इस्पितळात, परदेशात कुठेही सेवेला जाऊ, तेव्हा "यांना काय देऊ" याबरोबर "प्रभूने यांच्याजवळ माझ्यासाठी काय ठेवले आहे" हेही विचारू या. नाही विचारले तर समोरचा माणूस आपल्याला दिसतच नाही, फक्त आपले काम दिसते.

२. *देवाचा विलंब आणि अडथळा वाया जात नाही.* पौल शेवटी रोमला पोहोचला तो कैदी म्हणून. प्रेषितांची कृत्ये २८:१५ वाचा. रोमचे बंधू त्याला भेटायला अप्पियाच्या पेठेपर्यंत, म्हणजे सुमारे ६५ किलोमीटर सामोरे आले. नाशिकहून संगमनेरपर्यंत चालत जाण्यासारखे ते अंतर आहे. त्यांना पाहून पौलाने देवाचे आभार मानले आणि त्याला धीर आला. पत्रात जे मागितले होते ते त्याला मिळाले, रोममध्ये पाऊल ठेवायच्या आधीच, एकही उपदेश करायच्या आधी.

३. *आपण ऋणी आहोत.* चौदाव्या वचनात पौल स्वतःला ऋणी म्हणवतो, तेही ज्यांना तो कधी भेटला नाही त्यांचा. मी केनियाला गेले तेव्हा आपण त्यांच्यावर उपकार करतो आहोत असे कुठेतरी वाटत होते. घंटेपाशी उभी राहिले आणि हिशेब उलटा निघाला. शरणपूरची ती माणसे आपल्याच मंडळीचे पूर्वज आहेत. त्यांच्या श्रमावर उभी राहिलेली मंडळी आज मला चपात्या लाटायला शिकवते आणि माझे हात धरून प्रार्थना करते.

४. *रुसवा लपवून केलेली सेवा माणसाला आतून सुकवते.* देवाला आपला राग चालतो; स्तोत्रसंहितेत किती तक्रारी आहेत ते पाहा. त्याला परके करते ते आपले मौन. माझा घसा आठवडाभर बसला होता. माझी प्रार्थना दोन वर्षे बसली होती.

आता सगळे छान झाले असे मी लिहिणार नाही. घरी आले तेव्हा खुर्ची रिकामीच होती. काही सकाळी अजूनही जड जातात. पण दोन गोष्टी बदलल्या. मुलीला पुण्याला फोन करून खरे काय ते सांगितले. ती म्हणाली, "आई, मला माहीत होतं. तू सांगशील म्हणून थांबले होते." आणि आता दर बुधवारी संध्याकाळी संडेस्कूलची एक सहकारी बहीण माझ्याकडे येते. आम्ही चहा घेतो, आणि ती माझे हात धरून प्रार्थना करते. पहिल्या बुधवारी मी सवयीने म्हणाले, "आधी तुझं सांग." ती म्हणाली, "नाही ताई, आज तुमचं."

आज स्वतःला विचारा

- शेवटचे कधी मी कुणाला म्हटले, "माझ्यासाठी प्रार्थना करा"? आणि खरे कारण सांगितले का?
- ज्यांची मी सेवा करते किंवा करतो, त्यांच्यापैकी कुणाच्या विश्वासाने मला धीर मिळाला आहे? त्यांना ते सांगितले आहे का?
- प्रभूने मला सामानापाशी बसवले आहे असे वाटते का? तिथे माझ्या शेजारी कोण बसले आहे?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तू आम्हांला एकमेकांच्या हाती दिले आहेस. आम्हांला द्यायला आवडते, घ्यायला लाज वाटते. आमचा हा अभिमान मोड. शरणपूरला आलेल्या त्या लेकरांसाठी, त्यांच्या अश्रूंसाठी आणि त्यांच्या सेवेसाठी आम्ही तुझे आभार मानतो. दूरच्या किनाऱ्यावर आज चुलीपाशी बसलेल्या त्या आईला सुखी ठेव, तिच्या गुडघ्यांना बळ दे. आमच्यातले जे कोणी तुझ्याशी बोलायचे थांबले आहेत, त्यांच्याकडे हात धरणारा कुणी पाठव. आणि ज्याचा हात धरायला हवा तो आम्हांला दाखव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.

उद्या रोम १:१६-१७ पाहू. प्रभूची शांती तुम्हां सर्वांसोबत असो.